ठासणीची बंदूक आणि दोन कायदे

सोयाबीनच्या शेंगा भरू लागल्या की सेनगाव-औंढ्याच्या डोंगरपट्ट्यात रात्रीची राखण सुरू होते. रोह्यांचा कळप उभे पीक खातो त्याहून जास्त तुडवतो, आणि रानडुकरे शिरली तर सकाळी नांगरल्यासारखे रान दिसते. माळ्यावर बसून डबे बडवायचे, फटाके लावायचे, बॅटरी फिरवायची. जनावरे या आवाजांना चार दिवसांत सरावतात. म्हणून काही शेतकरी बंदुकीच्या परवान्यासाठी हिंगोलीला जिल्हाधिकारी कार्यालय गाठतात.

या माणसाचा 1959 च्या शस्त्र अधिनियमाने वेगळा विचार केला आहे. पीकरक्षणाची खरी गरज असेल तर ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा, असे कलम 13 सांगते. नाकारण्याची कारणे कलम 14 मध्ये आहेत. पण पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्यावरून अर्ज फेटाळता येत नाही, हेही तिथेच लिहिले आहे. कोरडवाहू शेतकऱ्यासाठी ही ओळ फार मोलाची.

2016 च्या नियमांनी मात्र वाट लांबवली. पोलीस ठाण्याचा अहवाल कायद्यानेच लागत होता; त्यात वैद्यकीय प्रमाणपत्र आणि शस्त्र सुरक्षित हाताळण्याचे प्रशिक्षण यांची भर पडली. यातली एकही मागणी गैर नाही. बंदूक चुकीच्या हाती गेली तर काय होते, हे वेगळे सांगायला नको. तक्रार आहे ती एका सहीसाठी दहा वेळा घालाव्या लागणाऱ्या खेपांची.

आणि परवाना मिळाला तरी रोह्यावर गोळी झाडता येत नाही! तिथे 1972 चा वन्यजीव संरक्षण अधिनियम लागू होतो. उभ्या पिकाला धोका असेल तर कलम 11 खाली लेखी परवानगी लागते. रोही आणि रानडुकरांसाठी राज्य सरकारने 2015 मध्ये शासन निर्णय काढून हा अधिकार वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यापर्यंत आणला. काळवीट पहिल्या अनुसूचीत असल्याने पिकासाठी त्याच्यावर बंदूक रोखता येत नाही, आणि ते योग्यच आहे. पण बंदुकीची परवानगी एका कचेरीत आणि ती चालवण्याची दुसरीत, अशा व्यवस्थेत कागद हाती येईपर्यंत पीक शेतात राहत नाही.

जुन्या बंदुकांची अडचण आणखी वेगळी. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला परभणीतून वेगळा झाला. त्याआधीच्या परवान्यांवर शिक्का परभणीचा. आता शस्त्र परवान्यांच्या राष्ट्रीय यादीतला क्रमांक नसलेला परवाना ग्राह्य धरला जात नाही. परवानाधारक वारला तर वारसाला नव्याने अर्ज करून इतर वारसांची ना-हरकत आणावी लागते, आणि भावाभावांत शेताचा वाद असला की ती कोण देणार? 2019 च्या दुरुस्तीने परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली, हा दिलासा खरा.

निवडणूक लागली की शस्त्र जमा करण्याच्या नोटिसा निघतात. जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांची पार्श्वभूमी असलेले, दंगलीत सामील झालेले अशांच्या परवान्यांचा छाननी समितीने विचार करावा, अशा निवडणूक आयोगाच्या सूचना आहेत. ज्याच्यावर कधी गुन्हाच नाही, त्या शेतकऱ्याला ऐन राखणीत ठाण्याच्या पायऱ्या चढायला लावणे या सूचनांच्या हेतूला धरून नाही.

कर्नाटकातल्या कोडगूत कोडवा समाजाला परवान्यातूनच सूट आहे. 2019 मध्ये ती आणखी दहा वर्षांसाठी वाढवली गेली. हिंगोलीला तशी सूट नको. महसूल, पोलीस आणि वन विभागाचे अधिकारी पेरणीआधी एक दिवस तहसील कार्यालयात एकत्र बसले, अर्ज आणि पीकहानीचे पंचनामे समोरासमोर तपासले, तर निम्म्या खेपा वाचतील. सेनगाव आणि कळमनुरीत हे येत्या मृगाआधी सुरू करता येईल; त्यासाठी नवा कायदा लागत नाही.