फितरत

मागच्या वर्षी दसऱ्याच्या सुमारास आठवीच्या मुलामुलींना घेऊन मी शाळेमागच्या कपाशीच्या शेतात गेलो होतो. आमचा जालना जिल्हा कापसाचा. 2017 साली गुलाबी बोंडअळीने महाराष्ट्रातल्या कापूस उत्पादकांची जी दैना केली, तिच्या गोष्टी मुलांनी घरात ऐकलेल्या आहेत. शेतात काठीला कामगंध सापळे लावलेले होते. मादी पतंगाच्या गंधासारखा गंध कृत्रिमरीत्या तयार करून या सापळ्यात ठेवतात. मादी जवळ आहे असे समजून नर येतो आणि खालच्या पिशवीत अडकतो. मुले पिशवीतले पतंग मोजू लागली. सगळे नर. मुले हसली. एका मुलीने मात्र विचारले, "सर, नर असा धावत येतो. पण मादीला तो नको असला तर?"

"ते पुढच्या वर्गात शिकाल," असे सांगून मी वेळ मारून नेली.

त्याच आठवड्यात आमच्या मोहल्ल्यात एक बैठक झाली. नवऱ्याच्या मारहाणीला कंटाळून एक मुलगी माहेरी आली होती. शिकलेला माणूस म्हणून मलाही बोलावले होते. बरीच चर्चा झाल्यावर एक बुजुर्ग म्हणाले, "मर्द की फितरत ऐसीच रैती, बेटा. औरत को सबर करना पडता." सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मान डोलावली नाही, पण तोंडही उघडले नाही. मुलगी परत सासरी गेली.

तेव्हापासून 'फितरत' हा शब्द मला टोचतो आहे. उर्दूत तो दोन अर्थांनी वापरतात. एक निसर्ग, दुसरा स्वभाव. बुजुर्गांनी या दोन्ही अर्थांची गाठ मारली आणि त्या गाठीतून हुकूम काढला. जे निसर्गात आहे तेच माणसाच्या स्वभावात आहे, आणि जे स्वभावात आहे ते सोसलेच पाहिजे. हे खरे आहे का?

आधी निसर्गाचेच पाहू. नर आणि मादी मिळून संसार करतात असे आपण चिमण्यांच्या गोष्टीतून शिकतो. परंतु दोघांचा फायदा प्रत्येक वेळी एकच असतो असे नाही. 1979 साली जेफ्री पार्कर या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा संघर्ष नीट मांडला. आपल्या खाटेतला ढेकूण घ्या. नर आपल्या सुईसारख्या अवयवाने मादीचे पोट भोसकतो आणि त्या जखमेतूनच बीज आत सोडतो. अशा जखमा वारंवार झाल्या की मादीचे आयुष्य घटते. पिकलेल्या केळ्यावर घोंगावणाऱ्या बारीक फळमाशीचेही तसेच. नराच्या वीर्यातल्या द्रव्यांमुळे मादी जास्त अंडी घालते आणि दुसऱ्या नराला टाळते. पण त्याची किंमत ती आपल्या आयुष्याने मोजते. ती पुढे जगली काय, मेली काय, या नराला फरक पडत नाही. तिची पुढची अंडी दुसऱ्याची असण्याचा संभव असतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, "बघा, बुजुर्ग बरोबरच बोलले." पण गोष्ट इथे संपत नाही. मादी सबर करून बसलेली नाही. ढेकणाचा नर जिथे भोसकतो, नेमक्या त्याच जागी मादीच्या शरीरात एक खास अवयव घडला आहे. तिथल्या पेशी जखमेतून शिरणाऱ्या जंतूंशी लढतात. म्हणजे इलाज करणे हीसुद्धा फितरतच आहे. बैठकीत निसर्गाची साक्ष काढली गेली, पण अर्धीच.

आणखी एक प्रयोग ऐकण्यासारखा आहे. ब्रेट हॉलंड आणि विल्यम राइस या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांनी तो 1999 साली प्रसिद्ध केला. त्यांनी फळमाश्यांच्या अनेक पिढ्या अशा वाढवल्या, की एका मादीला एकच नर, आणि तोही चिठ्ठी टाकल्यासारखा नेमून दिलेला. आता तिचे नुकसान ते त्याचेही नुकसान. हळूहळू नर मादीला कमी इजा करणारे निपजू लागले. माद्यांचा प्रतिकारही सैल झाला. आणि या माश्यांची वंशवाढ मोकळ्या माश्यांपेक्षा सरस ठरली. ज्याला आपण न बदलणारी फितरत म्हणतो, ती परिस्थिती बदलताच पिढ्यांमागून पिढ्या बदलत गेली.

हे वाचून मला प्रथम आनंद झाला. वाटले, बैठकीत हेच सांगायला हवे होते. मग लक्षात आले, की मीही तीच चूक करतो आहे. बुजुर्गांनी निसर्गातून जुलूम सिद्ध केला, मी त्याच निसर्गातून नेकी सिद्ध करू पाहत होतो. उद्या कोणी उलटा प्रयोग पुढे केला तर मी काय त्या मुलीला पुन्हा मार खायला पाठवणार? डेव्हिड ह्यूम या स्कॉटिश तत्त्वज्ञाने अठराव्या शतकातच बजावले होते, की 'असे आहे' यावरून 'असे असावे' हे आपोआप निघत नाही. माशीच्या वागण्यातून माशी कळते. माणसाने कसे वागावे हे माणसालाच ठरवावे लागते.

ढेकूण गुन्हेगार नाही. त्याच्यापुढे दुसरा रस्ता नाही आणि आपण काय करतो हे त्याला ठाऊक नाही. मारणाऱ्या नवऱ्याला दोन्ही ठाऊक असते. तो दुकानात मालकावर हात उचलत नाही, बाजारात पोलिसावर उचलत नाही. राग त्याला आवरता येतो. कुठे आवरायचा आणि कुठे सोडायचा हे तो निवडतो. जो निवडतो त्याला फितरतीच्या आड लपता येत नाही.

हाच न्याय मला स्वतःलाही लावावा लागतो. बैठकीत गप्प बसणे ही माझी फितरत नव्हती. ती माझी निवड होती. मी बोललो असतो तर निकाल बदलला असता की नाही, सांगता येत नाही. मात्र त्या मुलीला निदान एवढे कळले असते, की बैठकीतल्या सगळ्यांचे मत तसे नव्हते.

आठवीची ती मुले आता नववीत गेली आहेत. या आठवड्यात त्यांच्या वर्गावर माझा एक तास आहे. त्या मुलीचा प्रश्न मी फळ्यावर लिहिणार आहे.