बळाचे माप

शरीराला बुद्ध्या दिलेले कष्ट तप केव्हा ठरतात आणि नुसते कष्टच केव्हा राहतात, हा प्रश्न भारतीय आणि ग्रीक या दोन्ही परंपरांनी फार पूर्वी विचारला आहे. परंतु त्याची चर्चा करताना भाष्यकारांच्या डोळ्यांसमोर बहुधा उपवास करणारा, थंडीवारा सोसणारा, देह झिजवणारा साधक असतो. त्याच्या जागी देह वाढवणारा, त्यात जाणूनबुजून वजन आणि बळ भरणारा साधक ठेवला, तर तोच प्रश्न अधिक अवघड होतो, कारण तिथे संयम आणि हव्यास यांची बाह्य लक्षणे जवळजवळ सारखीच दिसतात. अमेरिकेतील शालेय फुटबॉलमध्ये बचावफळीत खेळणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, आणि सामने नसतात त्या महिन्यांत तो करीत असलेला वजनांचा व्यायाम, हे या अडचणीचे नेमके उदाहरण आहे.

हा फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू मारण्याचा, आपल्याकडे त्या नावाने ओळखला जाणारा खेळ नव्हे. लंबगोल चेंडू घेऊन प्रतिपक्षाच्या हद्दीत शिरण्याचा हा अमेरिकी खेळ असून त्यात अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ एका रेषेच्या दोन बाजूंना उभे ठाकतात. त्या रेषेवर बचाव करणाऱ्या संघाचे जे तीन-चार धिप्पाड गडी हात जमिनीला टेकवून वाकलेले असतात, त्यांना डिफेन्सिव्ह लाइनमन म्हणतात. (लाइनमन म्हटल्यावर मराठी वाचकाला विजेच्या खांबावर चढणारा माणूस आठवेल, हा लाइनमन मात्र जमिनीशी जितका जवळ राहील तितका चांगला.) चेंडू हलताच समोरचा गडी, आणि पुष्कळदा दोन गडी मिळून, त्याला जागेवरून हुसकावू पाहतात, जागा न सोडणे हे त्याचे पहिले काम. तो दोघांचा भार अंगावर घेतो म्हणून त्याच्या मागे उभा असलेला लाइनबॅकर मोकळा राहतो आणि चेंडू घेऊन पळणाऱ्याला लोळवतो; नोंदवहीत आणि टाळ्यांत नाव येते ते बहुधा त्या मागच्याचे. असा एक डाव साधारण चार ते सहा सेकंद टिकतो.

शालेय सामने ऑगस्टच्या अखेरीपासून नोव्हेंबरपर्यंत चालतात. उरलेल्या काळाला ऑफ-सीझन म्हणतात, आणि लाइनमन घडतो तो याच काळात. खांद्यावर वजनदार दांडा घेऊन मारायची बैठक, म्हणजे स्क्वॉट, जमिनीवरचा भार कमरेपर्यंत उचलण्याचा डेडलिफ्ट, एका झटक्यात तो भार खांद्यांपर्यंत आणण्याचा पॉवर क्लीन, आणि उताणे पडून वजन वर ढकलण्याचा बेंच प्रेस, हे त्याचे मुख्य व्यायाम होत. यांपैकी शेवटच्याचा बोलबाला सर्वांत जास्त आणि लाइनमनला उपयोग त्या मानाने कमी, कारण रेषेवरचे बळ छातीपेक्षा मांड्या, कंबर आणि जमिनीत रोवलेली पावले यांतून येते. अनेक ठिकाणी हिवाळ्यात हा मुलगा शाळेच्या संघातून कुस्ती खेळतो आणि वसंतात गोळाफेक करतो, हेही त्या दृष्टीने शहाणपणाचेच म्हटले पाहिजे.

ही व्यवस्था जुनी नाही. वजने उचलल्याने खेळाडू ताठर आणि मंद होतो, असा समज अमेरिकी प्रशिक्षकांत दीर्घकाळ होता; १९६९ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या तरुणाला फुटबॉल खेळाडूंच्या बलवर्धनासाठी नेमले आणि तिथून चित्र पालटले. आज वेट रूम नसलेली, म्हणजे वजनांच्या व्यायामासाठी स्वतंत्र खोली नसलेली फुटबॉल खेळणारी शाळा विरळाच, आणि त्या खोलीतील भिंतीवर नावे आणि आकडे लिहिलेला फलक बहुधा असतोच.

या कष्टांना तप म्हणण्याची परंपरेने मुभा दिली आहे का? शब्दांच्या इतिहासावरून पाहता ती दिलेली दिसते. तप शब्दाच्या मुळाशी तापणे आहे. कष्टातून देहात उष्णता साठते आणि ती सामर्थ्यात बदलते, ही वैदिक कल्पना व्यायामाच्या अनुभवापासून फार दूर नाही. ग्रीकांचा आस्केसिस हा शब्द तर आधी खेळाडूच्या सरावालाच लावला जात असे आणि नंतर ख्रिस्ती मठवासीयांच्या विरक्तीला लागला. म्हणजे तिथे मल्ल आधी आणि संन्यासी मागाहून. संत पॉलने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात धावपटू आणि मुष्टियोद्धा यांचा दृष्टान्त घेतला, तो इस्थमियन क्रीडामहोत्सव ज्यांच्या शहराजवळ भरत असे त्या लोकांसाठी होता. खेळाडू नाशवंत मुकुटासाठी एवढा संयम पाळतो, तर श्रद्धावंताने अविनाशी मुकुटासाठी किती पाळावा, असा त्याचा आशय आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंड-अमेरिकेत सुदृढ देह हे धर्माचे साधन मानणारी चळवळ उभी राहिली. याच वातावरणात १८९१ मध्ये स्प्रिंगफील्ड येथे बास्केटबॉलचा खेळ शोधणारा जेम्स नेस्मिथ हा धर्मशास्त्राचा पदवीधर होता. १९५४ मध्ये ख्रिस्ती खेळाडूंची एक मोठी संघटना अमेरिकेत स्थापन झाली.

महाराष्ट्रातील वाचकाला हे परके वाटू नये. समर्थ रामदासांच्या नावाशी जोडलेली मारुतीची उपासना आणि तालमीतील मूर्तीला नमस्कार करून मातीत उतरणारा पैलवान ही त्याच जातीची उदाहरणे आहेत; आणि तालीम हा शब्द मुळात अरबीतील शिक्षण या अर्थाचा आहे, ही गोष्ट पुढच्या विवेचनात उपयोगी पडणार आहे.

तरीही ही मुभा निर्वेध नाही. शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, हे पॉलचे वचन वेट रूममध्ये व्यायामाचे समर्थन म्हणून सर्रास वापरले जाते. मूळ पत्रात ते स्त्री-पुरुष संबंधांतील शुचितेविषयी आहे, स्नायूंविषयी नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शारीर तपाची जी गणना आहे तिच्यात देव, गुरू व ज्ञानी यांचे पूजन, शुचिता, सरळपणा, ब्रह्मचर्य आणि अहिंसा येतात, व्यायाम येत नाही. आणि अहिंसेचा उल्लेख तर दुसऱ्याला धडक देण्यासाठी तयार होणाऱ्या लाइनमनला सरळ अडचणीत टाकतो.

या ठिकाणी निष्काम कर्माचा आधार घेता येईल: ज्याच्या श्रमांचे श्रेय मागच्या लाइनबॅकरला मिळते आणि जो जानेवारीत गाळलेल्या घामाचे फळ सप्टेंबरपर्यंत पाहत नाही, तो फळाची आशा सोडून कर्म करतो, असे म्हणता येईल. हा युक्तिवाद आकर्षक असला तरी टिकत नाही. फळ उशिरा मिळणे म्हणजे फळाची आसक्ती सुटणे नव्हे. शेतकरी चार महिने थांबतो म्हणून त्याची पिकावरची नजर हटलेली नसते. शिवाय वेट रूमचा कारभारच आकड्यांवर चालतो. स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट यांची बेरीज हजार पौंडांवर, म्हणजे सुमारे ४५४ किलोंवर गेली की मुलाचे नाव फलकावर चढते, ही पद्धत अनेक शाळांत आहे. गीतेने सत्कार, मान आणि पूजा यांसाठी दिखाव्याने केलेल्या तपाला राजस म्हटले आणि ते अस्थिर असल्याचे सांगितले; फलकासाठी उचललेला भार या वर्गात चपखल बसतो. मूढ हट्टाने स्वतःला पीडा देऊन किंवा दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप तामस, हा त्याच्याही खालचा वर्ग.

मग सात्त्विकतेची खूण कोणती? तिचा शोध हेतूत घेण्यापेक्षा मापात घेणे अधिक फलदायी आहे, कारण सोळा वर्षांच्या मुलाचा हेतू त्याचा त्यालाही पुरता ठाऊक नसतो, माप मात्र तपासता येते. गीतेचा सहावा अध्याय आहार, विहार, झोप आणि जागरण यांत युक्त असणाऱ्याचाच योग साधतो असे सांगतो. युक्त म्हणजे जितके हवे तितके, जोडलेले, बेतशीर. हे जितके म्हणजे कोणासाठी किती, याचे सर्वांत नेमके उत्तर मात्र ॲरिस्टॉटलने दिले, आणि योगायोग असा की ते देताना त्याने मल्लाचेच उदाहरण घेतले. निकोमाखियन नीतिशास्त्राच्या दुसऱ्या भागात तो म्हणतो की दहा माप अन्न फार आणि दोन माप थोडे असेल, तर प्रशिक्षकाने सहा माप द्यावे असे ठरत नाही. क्रोटोनच्या मायलोसारख्या मल्लाला सहा माप अपुरे पडेल आणि नवशिक्याला तेच जास्त होईल. मध्यम म्हणजे दोन टोकांच्या बरोबर मधला आकडा नव्हे, तर त्या त्या माणसाच्या संदर्भात योग्य असलेले प्रमाण, असा त्याचा सिद्धान्त आहे.

आधुनिक बलवर्धनाचा पाया नकळत याच सिद्धान्तावर उभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकी सैन्यातील डॉक्टर टॉमस डेलॉर्म याने जखमी सैनिकांचे स्नायू सुधारण्यासाठी जी पद्धत बसवली, तिचे एकक किलो किंवा पौंड नव्हते. जो भार त्या रुग्णाला सलग दहा वेळाच उचलता येतो तो भार, असे ते होते. एकक माणसागणिक बदलते आणि त्याच माणसाच्या बाबतीतही बळ वाढले की बदलते. वासरू रोज खांद्यावर घेत घेत मायलोने अखेर वाढलेला बैल उचलला, ही जुनी आख्यायिका याच क्रमवृद्धीचे रूपक आहे, आणि वेट रूममध्ये ती आजही सांगितली जाते. पतंजलींनी अभ्यास दृढ होण्यासाठी दीर्घ काळ, सातत्य आणि आदर या तीन अटी घातल्या. त्यांतील सातत्याचा अर्थ विश्रांतीचा अभाव असा घेणे चुकीचे आहे, कारण स्नायू भार उचलताना नव्हे तर नंतरच्या अन्नात आणि झोपेत सावरतो आणि वाढतो. विश्रांतीचा दिवस हा अभ्यासाचाच भाग आहे.

लाइनमनच्या बाबतीत या मापाची खरी कसोटी ताटावर लागते. सामन्यांपर्यंत दहा-बारा किलो वजन वाढव, असे त्याला सर्रास सांगितले जाते, आणि भूक नसताना खाणे हे त्याच्या साधनेचे अंग होते. पैलवानाच्या खुराकाची सवय असलेल्या समाजाला यात वावगे वाटणार नाही. पण खुराक हा मेहनतीच्या पाठोपाठ येतो, इथे पुष्कळदा वजनाचा आकडा आधी ठरतो आणि मेहनत त्याच्या मागे धावते. प्लेटोने रिपब्लिकमध्ये व्यावसायिक मल्लांविषयी तक्रार केली आहे ती हीच, की त्यांचे जगणे झोपाळू असते आणि नेमलेल्या आहारात थोडा बदल झाला तरी ते आजारी पडतात. खेळ सतराव्या-अठराव्या वर्षी सुटणारे अमेरिकेत बहुसंख्य आहेत. वाढवलेले वजन त्यांच्या अंगावर उरते, ते वापरणारी रेषा उरत नाही. ज्या भूमिकेसाठी देह घडवला ती संपल्यावर त्या देहाचे काय, हा प्रश्न फलक लिहिणाऱ्याने स्वतःला विचारायला हवा.

फलक लिहिणाऱ्याने, मुलाने नव्हे. तपाची शास्त्रे कर्ता स्वतंत्र आहे असे गृहीत धरतात. संन्यासी आपले व्रत आपण निवडतो. शाळकरी लाइनमनचे व्रत मात्र प्रशिक्षक आखतो, पालक मान्य करतात आणि संघातील इतर मुले त्याच्याकडून वदवून घेतात. हंगामाबाहेरचे व्यायाम कागदोपत्री ऐच्छिक असले, तरी न येणाऱ्याला सप्टेंबरमध्ये बाकावर बसावे लागेल, हे सर्वांना ठाऊक असते. अशा स्थितीत मापाची जबाबदारी मुलावर टाकणे हा तत्त्वज्ञानाचा गैरवापर आहे. जानेवारी २०११ मध्ये आयोवा विद्यापीठाच्या १३ फुटबॉल खेळाडूंना सुट्टीनंतरच्या एका व्यायामसत्रामुळे रुग्णालयात दाखल करावे लागले. प्रत्येकाच्या कमाल भाराच्या निम्मे वजन घेऊन शंभर बैठका हा त्या सत्राचा भाग होता आणि त्यांचे स्नायू विघटित होऊन त्यांतील द्रव्ये रक्तात उतरू लागली होती. भार प्रत्येकाच्या कुवतीच्या प्रमाणात होता, शंभर हा आकडा मात्र सर्वांना एकच होता. ते खेळाडू बरे झाले. २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठाचा १९ वर्षांचा एक लाइनमन मे महिन्यातील सरावात उष्माघाताने कोसळला आणि जूनमध्ये मरण पावला. सहनशक्तीची परीक्षा पाहणे हे बलवर्धन नव्हे, आणि तालीम शब्दाचा मूळ अर्थ शिकवणे आहे हे ज्याला कळते तो वस्ताद थकलेल्या मुलाला मातीतून बाहेर काढतो.

राहिला अहिंसेचा प्रश्न. नियमांनी बांधलेल्या आणि दोन्ही पक्षांनी स्वीकारलेल्या धडकेला दुसऱ्याच्या नाशासाठी केलेले तप म्हणता येणार नाही. लाइनमनचे पहिले कर्तव्य जागा राखण्याचे आहे, हेही त्याच्या बाजूने जाते. तरी हा बचाव पुरा नाही. डिफेन्सिव्ह लाइनमनांत अग्रगण्य मानला जाणारा रेजी व्हाइट किशोरवयातच धर्मोपदेशक झाला होता. इंग्रजीतील मिनिस्टर शब्दाचे मंत्री आणि धर्मोपदेशक असे दोन्ही अर्थ साधून त्याला संरक्षणाचा मिनिस्टर म्हणत. चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याने कारकिर्दीत १९८ वेळा पाडले. अखेरच्या वर्षांत मात्र निरनिराळी चर्च आपल्याला बोलावत ती फुटबॉलमधील कीर्तीसाठी, अशी खंत त्याने उघड बोलून दाखवली आणि तो धर्मग्रंथ मुळातून वाचण्यासाठी हिब्रूकडे वळला. राजस तपाचे वर्णन त्याने स्वतःच्या आयुष्यावर लावून पाहिले, असे म्हणता येईल. २००४ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी, त्याचा मृत्यू झाला.

शेवटी पुन्हा मापाकडे. बालवयातील अति सरावाविषयी ॲरिस्टॉटलने राज्यशास्त्राच्या आठव्या भागात एक पुरावा दिला आहे: मुलांच्या गटात आणि पुढे प्रौढांच्या गटातही ऑलिंपिक विजय मिळवणारे दोन किंवा तीनच सापडतात, कारण लहानपणीच्या कठोर सरावाने त्यांचे बळ आधीच खर्ची पडलेले असते. प्राचीन ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस याच्या नोंदीप्रमाणे मायलोने ऑलिंपियात कुस्तीचे सहा विजय मिळवले आणि त्यांतील एक मुलांच्या गटातला होता. ज्याच्या वासराची गोष्ट नवशिक्या लाइनमनला सांगितली जाते, तो मायलो त्या दोन-तीन अपवादांपैकी एक होता.