नियमांचं गाव

पुणं नियमांवरून बदनाम आहे. ‘दुपारी एक ते चार दुकान बंद’ या पाटीचा विनोद तर आता पुणेकरच सांगतात. पण नियम लिहिण्याच्या या हौसेतून खेळांनाही आकार आला. १८७३ च्या सुमारास ब्रिटिश अधिकाऱ्यांनी इथेच बॅडमिंटनचे सुरुवातीचे नियम बांधले. त्या खेळाला तेव्हा ‘पूना’ असंही म्हणत. १९१४ मध्ये डेक्कन जिमखान्याने खो-खोचे नियम कागदावर आणले.

खो-खोची सगळी गंमत एका मनाईत आहे. पाठलाग करणाऱ्याला मागे वळता येत नाही. समोरचा निसटून मागे गेला, तर बसलेल्या गड्याच्या पाठीवर थाप मारून खो द्यायचा. ही मनाई काढून टाका, उरते ती नुसती पळापळ.

व्हिडिओ गेम तरी वेगळा कुठे? उडी किती लांब, वार कधी लागला म्हणायचा, मेल्यावर कुठून पुन्हा उठायचं, हे कोणीतरी डोकं खाजवून ठरवलेलं असतं. फक्त इथे पंचाशी हुज्जत घालायची सोय नाही.

हे ठरवणारे पुण्यातही आहेत, म्हणून २०२० साल आठवतं. गणपती बसायच्या चार दिवस आधी, १८ ऑगस्टला, पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ हा गेम निन्टेंडो स्विचवर आला. २०१७ मध्ये लोकांकडून पैसे उभारायचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी गेम पुरा झाला. असुरांनी पळवलेल्या भावाला, गोलूला, शोधत निघालेली राजी. हातात दुर्गेचा त्रिशूळ. आणि मधली कथा सांगायला सावल्यांच्या बाहुल्या. त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या इंडी गेमसाठी त्याला नामांकनही मिळालं.

१ सप्टेंबरला मिरवणुकीविना विसर्जन झालं. दुसऱ्याच दिवशी सरकारने ११८ ॲपवर बंदी घातली, त्यात पबजीही होतं. आईबापांनी हुश्श केलं, पोरांची तोंडं उतरली. १० सप्टेंबरला युबिसॉफ्ट या गेम कंपनीने ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’ या जुन्या गेमच्या नव्या आवृत्तीची घोषणा केली. काम कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. चित्रणावर जगभरातून टीका झाली. २०२२ मध्ये ते काम मॉन्ट्रियलच्या स्टुडिओकडे गेलं.

महिन्याच्या आत तीन बातम्या. घरोघरी चर्चा झाली ती मधल्या एकीची, कारण व्हिडिओ गेम म्हणजे पोरांच्या हातून काढून घ्यायची वस्तू, हे आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत एखादी एकांकिका पडली, तर ती का पडली यावर कट्ट्यावर चहा गार होईपर्यंत वाद रंगतो. त्या वादातूनच लिहिणारे आणि बसवणारे घडतात. गेम करणाऱ्यांच्या वाट्याला तसे भांडणारे शेजारी अजून आलेले नाहीत. त्यांचं चुकलं तर ते सातासमुद्रापारचे लोक सांगतात.

‘किती वेळ खेळतोस रे?’ हे आपण विचारणारच. पोराच्या शेजारी बसून एकदा हेही विचारावं: यात मागे वळता येतं का?