आधी पकड की आधी समज?

आठवीच्या वर्गात इंग्रजीचा तास चालू होता. एका मुलाने विचारले, "सर, ॲप्रिहेंड म्हणजे समजणे की पकडणे?" त्याच्या शब्दकोशात दोन्ही अर्थ होते आणि खाली तिसराही होता, धास्ती वाटणे. आम्ही 'तिन्ही बरोबर' म्हणून वेळ मारून नेली.

उर्दू माध्यमात शिकवणाऱ्याने खरे तर एवढे गडबडायला नको होते. उर्दूत मजमूनवर 'गिरफ्त' असते आणि चोर 'गिरफ्तार' होतो. दोन्ही फारसी 'गिरिफ्तन'ची, म्हणजे धरण्याची, लेकरे. मराठीतही विषयावर पकड असते आणि गुन्हेगार पकडला जातो. अरबी 'इद्राक' म्हणजे आकलन, पण मुळात गाठणे. हजरत मूसांच्या हकिकतीत फिरऔनचे लष्कर मागे दिसताच साथीदार घाबरतात, आता आपण गाठले गेलो म्हणतात, तिथे कुरआनात याच धातूचा शब्द आहे.

ॲप्रिहेंडचे मूळ लॅटिन 'प्रेहेन्देरे', हाताने धरणे. फ्रेंचमध्ये त्याचे 'आप्रांद्र' झाले, म्हणजे शिकणे. कारखान्यातला ॲप्रेंटिस याच घराण्यातला आणि प्रिझनही याच घराण्यातले. शाळा आणि तुरुंग यांचे नाते असे जवळचे आहे हे कळले तर आमची मुले अजिबात चकित होणार नाहीत.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकाच्या अखेरीस आला तो मनाने ग्रहण करणे या अर्थाने. कायद्याने पकडण्याचा अर्थ सोळाव्या शतकातला, आणि धास्तीचा १६०० च्या आसपासचा. आधी समज, मग अटक, मग भीती. शब्दाच्या इतिहासातून नीती काढू नये हे आम्हांला मान्य आहे. तरीही हा क्रम पाहून आम्ही थबकलो, कारण आपला व्यवहार नेमका उलटा चालतो. आधी भीती वाटते, भीतीपोटी आपण पकडतो, आणि समजून घ्यायचे राहूनच जाते.

इब्ने सीनाच्या (९८०-१०३७) मंतिकमध्ये ज्ञान दोन प्रकारचे, तसव्वुर आणि तस्दीक. तसव्वुरमध्ये गोष्ट फक्त मनात येते, तिच्याबद्दल होय किंवा नाही म्हटलेले नसते. निवाडा तस्दीकमध्ये होतो. युरोपच्या मध्ययुगीन तर्कशास्त्रात या पहिल्या पायरीचे नाव 'अप्रिहेन्शियो' हेच होते. म्हणजे धरणे वेगळे, ठरवणे वेगळे. आपल्या राज्यघटनेचे कलम २२ हाच भेद पाळायला सांगते: अटक केलेल्याला लवकरात लवकर कारण सांगा, आणि प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांत जवळच्या दंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. प्रत्यक्षात ८ सप्टेंबर २००६ च्या मालेगाव स्फोटांनंतर पकडलेल्या मुस्लिम आरोपींना विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले ते २०१६ मध्ये. मोहल्ल्याने मात्र पहिल्याच दिवशी त्यांच्या घरच्यांकडे जाणे-येणे कमी केले असेल, तर आम्हांला नवल वाटणार नाही. भीती काही फक्त सरकारलाच वाटते असे नाही.

आणि आम्ही तरी कोण मोठे शहाणे? सहामाही परीक्षेत एक मुलगा वारंवार मुठीत पाहत होता. कॉपीची आम्हांला तेव्हा फार धास्ती होती, कारण आदल्याच आठवड्यात वरून बोलणी बसली होती. आम्ही त्याचे मनगट पकडले. "मूठ उघड." तो उघडेना. चाळीस मुलांसमोर आम्ही त्याची बोटे एकेक करून उघडली. तळहातावर बॉलपेनने लिहिले होते: साखर अर्धा किलो, तेल पाव, चहाची पुडी, आणि खाली, 'मागची बाकी ३४०'. शाळेतून जाताना वाण्याकडून आणायचे सामान. बाकीचा आकडा कुणाला दिसू नये म्हणून मूठ बंद होती.

'सॉरी' म्हणून आम्ही पुढच्या बाकाकडे गेलो. मुलगा समंजस, त्याने पेपर पूर्ण केला. पण वर्षअखेरीपर्यंत आम्ही त्याच्या बाकाजवळून गेलो की त्याचा डावा हात आपोआप मिटायचा. हातात तेव्हा काहीही नसायचे.