पिचर काढावा की ठेवावा?

बेसबॉलचा सामना सहाव्या-सातव्या इनिंगला पोचला की स्टँडमध्ये एक वाद हमखास सुरू होतो. माउंडवरच्या पिचरला आता काढावं की राहू द्यावं? कुणी म्हणतं, चेंडूचा वेग उतरलाय. कुणी म्हणतं, छे, आत्ता तर त्याचा हात बसलाय. क्रिकेटमध्ये कर्णधार गोलंदाजाला विश्रांती देऊन पुन्हा आणू शकतो. इथे सामन्यातून काढलेला पिचर त्या सामन्यात परत येत नाही. मॅनेजर डगआउटमधून उठून माउंडकडे चालू लागला की हजारो लोकांचा जीव टांगणीला लागतो, तो याच नियमामुळे.

16 ऑक्टोबर 2003 ला यांकी स्टेडियमवर बॉस्टन रेड सॉक्स आठव्या इनिंगमध्ये 5-2 असे पुढे होते. 1918 नंतर त्यांनी वर्ल्ड सिरीज जिंकली नव्हती, आणि त्या अंतिम मालिकेत पोचायला आता फक्त पाच आउट हवे होते. माउंडवर पेड्रो मार्टिनेझ. शंभर पिचेसनंतर पेड्रोची धार कमी होते, हे बॉस्टनचं पोरसोरसुद्धा जाणून होतं. त्याला झोडपलं जाऊ लागलं तेव्हा मॅनेजर ग्रेडी लिटल माउंडवर गेले, त्यांनी पेड्रोलाच विचारलं आणि त्याला तिथेच ठेवून परतले. यांकीजनी बरोबरी साधली आणि अकराव्या इनिंगमध्ये ॲरन बूनच्या होमरनने सामना संपला. लिटल यांचा करार पुढे वाढवला गेला नाही.

सतरा वर्षांनी बरोबर उलटं घडलं. 27 ऑक्टोबर 2020, आर्लिंग्टन, वर्ल्ड सिरीजचा सहावा सामना. टँपा बे रेज 1-0 ने पुढे होते, पण हरले तर मालिका संपणार होती. त्यांच्या ब्लेक स्नेलने नऊ स्ट्राइकआउट घेतले होते, हिट फक्त दोन दिले होते, आणि पिचेस झाले होते जेमतेम 73. तरी मॅनेजर केव्हिन कॅश यांनी त्याला काढलं. त्यामागे हिशेब होता. स्नेल 18 बॅटर्सना सामोरा गेला होता, म्हणजे नऊ जणांची रांग दोनदा पूर्ण झाली होती. एकाच पिचरला तिसऱ्यांदा पाहणारा बॅटर त्याला जास्त चांगला ओळखतो, हे अनेक मोसमांच्या आकड्यांनी दाखवून दिलेलं आहे. पुढचा बॅटर होता डॉजर्सचा मूकी बेट्स. स्नेलच्या जागी निक अँडरसन आला, बेट्सने त्याला डबल मारला आणि त्याच इनिंगमध्ये डॉजर्स 2-1 ने पुढे गेले. सामना त्यांनी 3-1 ने जिंकला आणि 1988 नंतरचं पहिलं विजेतेपद पटकावलं.

एकाने पिचर ठेवला म्हणून दोष, दुसऱ्याने काढला म्हणून दोष. दोन्ही वेळा चाहत्यांचा संताप तेवढाच खरा होता. ज्याने आयुष्यभर एका संघावर जीव लावला, त्याच्या त्या रात्रीच्या दुःखाला मी कमी लेखणार नाही. पण चेंडू सुटण्यापूर्वी मांडलेलं मत आणि धाव झाल्यावर मांडलेलं मत, यांची किंमत मला एक वाटत नाही. सामना चालू असताना वाद घालणारा माणूस अंधारात बोलत असतो. तेवढ्या माहितीवर, तेवढ्या वेळात, मॅनेजरला जे ठरवायचं असतं तेच तोही ठरवत असतो. त्याचं चुकलं तरी त्याच्या बोलण्यात जोखीम असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सगळेच शहाणे होतात, आणि त्या शहाणपणाला काहीच पणाला लावावं लागत नाही.

निकाल बाजूला ठेवूनही मला वाटतं की लिटल चुकले. एवढ्या मोठ्या सामन्यात पेड्रोसारखा मानी पिचर ‘मी दमलो’ म्हणणार नाही, हे उघड होतं. जो प्रश्न मॅनेजरने स्वतः सोडवायचा, तो त्यांनी त्याच्यावर टाकला. कॅश यांचं काढणं मला पटू शकतं. खटकतं ते आणणं. त्या मोसमाच्या बाद फेरीत अँडरसन बऱ्याच वेळा धावा देत आला होता. कुणाला काढायचं यावर स्टँडमध्ये घसे बसतात, पण त्याच्या जागी कोण, यावर त्या मानाने फार कमी बोललं जातं. खरा निर्णय तर तोच असतो. दमलेला उत्तम पिचर बरा, की ताजा पण डळमळलेला?

यापेक्षाही अवघड प्रसंग 13 एप्रिल 2022 ला मिनियापोलिसमध्ये घडला. डॉजर्सच्या क्लेटन केरशॉने सात इनिंगमध्ये एकाही बॅटरला पहिल्या बेसवर पोचू दिलं नव्हतं. 80 पिचेस, 13 स्ट्राइकआउट. आणखी सहा आउट मिळाले असते तर पर्फेक्ट गेम, जो मेजर लीगच्या साऱ्या इतिहासात 2023 अखेरपर्यंत 24 वेळाच घडला आहे. मॅनेजर डेव्ह रॉबर्ट्स यांनी त्याला थांबवलं. मोसमातला त्याचा पहिलाच सामना, कडाक्याची थंडी, आदल्या वर्षी दुखावलेला हात, मालक आणि खेळाडूंच्या तंट्यात आखडलेला सराव. डॉजर्स 7-0 ने जिंकले. केरशॉने स्वतःच निर्णयाला पाठिंबा दिला. त्याची कारकीर्द 2025 मध्ये संपली, पर्फेक्ट गेमशिवाय.

इथे बोट दाखवायला हार नाही, की पाठ थोपटायला पुरावा नाही. मी रॉबर्ट्स यांच्या बाजूचा आहे. पुढचा सारा मोसम उभा असताना पस्तिशीकडे झुकलेला हात एका दिवसासाठी पणाला लावू नये, असं मला मनापासून वाटतं. पण त्या थंडीत कुडकुडत जो प्रेक्षक ‘राहू द्या त्याला’ म्हणून ओरडत राहिला, त्याला आयुष्यात एकदाच दिसणारी गोष्ट समोर दिसत होती. त्याला खोटं पाडेल असा एकही आकडा माझ्याजवळ नाही.