काठी, ऊन आणि सावली

‘दुपारी बारा वाजता सूर्य डोक्यावर येतो.’ फार सोपं वाक्य आहे. लहान मुलाला एका दमात पाठ होतं, पेपरात लिहिता येतं आणि बाईंना पटकन तपासता येतं. पण ते खरं नाही. पुण्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो तो वर्षातून दोनदाच, आणि तेव्हाही घड्याळात बारा वाजलेले नसतात. दिल्लीत तर तो कधीच डोक्यावर येत नाही.

विज्ञान सोपं करून शिकवायला हवं, असं आपण सगळेच म्हणतो, आणि ते मला मनापासून पटतं. पण सोपं करताना पुष्कळदा खऱ्या गोष्टीलाच कात्री लागते. कठीण भाग गाळला, उरलेलं एका ओळीत बसवलं, की विषय सोपा झाला असं आपण धरून चालतो. मुलाच्या हाती एक वाक्य येतं, समज येत नाही. पुढे वरच्या वर्गात तेच मूल पृथ्वीच्या कललेल्या अक्षाबद्दल वाचतं, तेव्हा लहानपणी पाठ केलेलं ते वाक्य वाटेत आडवं येतं.

याच धड्यासाठी एक मीटरभर लांबीची सरळ काठी पुरते. शाळेच्या मैदानात दिवसभर ऊन असेल अशा जागी ती ओळंबा लावून उभी रोवावी आणि तिच्याभोवती दोरीने मीटरभर त्रिज्येचं वर्तुळ आखावं. सकाळी सावली वर्तुळाच्या बाहेरपर्यंत लांब गेलेली असते. ती आखडत येते आणि एका क्षणी तिचं टोक वर्तुळाला टेकतं. तिथे एक खडा ठेवायचा. दुपारनंतर सावली पुन्हा लांबू लागते आणि दुसऱ्या बाजूने वर्तुळाला टेकते. तिथे दुसरा खडा. दोन्ही खड्यांना जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. आपल्याकडचे जुने ज्योतिर्विद शंकू रोवून अशाच दिशा काढत. सूर्यसिद्धान्तात ही रीत दिलेली आहे. सहावीतल्या मुलांना ती एका दिवसात जमते.

दिशा सापडल्या की वेळेचा प्रश्न येतो. सर्वांत आखूड सावली कधी पडते? बारा वाजता नाही. मेच्या मध्याला मुंबईत ती सुमारे १२ वाजून ३५ मिनिटांनी पडते, पुण्यात १२ वाजून ३१ मिनिटांच्या आसपास. मुलं घड्याळावर संशय घेतात, आणि तो घ्यायलाच हवा. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरची आहे. ते रेखावृत्त उत्तर प्रदेशात मिर्झापूरजवळून जातं. मुंबई त्याच्या पश्चिमेला जवळजवळ १० अंशांवर, आणि पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटं लागतात. हा गुणाकार मुलं स्वतः करतात. भूगोलाच्या पुस्तकातलं रेखावृत्त तेव्हा पहिल्यांदाच त्यांच्या मैदानात उतरतं.

काठी मात्र एका दिवसात काढून टाकू नये. पुण्यात २२ डिसेंबरला मीटरभर काठीची मध्यान्हीची सावली सुमारे ९० सेंटिमीटर भरते. २१ मार्चला ती ३३ सेंटिमीटरच्या आसपास येते, आणि त्या दिवशी सावलीचं टोक सकाळपासून संध्याकाळपर्यंत जवळजवळ सरळ रेषेत सरकतं. मेमध्ये ती नाहीशी होते: कोल्हापुरात ६ मेच्या सुमारास, पुण्यात १३-१४ मेला, मुंबईत १५-१६ मेला आणि नागपुरात २६ मेच्या आसपास. सावली नसण्याचा हा दिवस दक्षिणेकडून उत्तरेकडे महाराष्ट्रभर चालत जातो. कोल्हापूर आणि नागपूरच्या मुलांनी आपापल्या तारखा एकमेकांना कळवल्या, तर अक्षांश म्हणजे काय हे निराळं शिकवावं लागणार नाही.

वाईट याचं वाटतं, की मेमध्ये शाळांना सुट्टी असते. जुलैच्या अखेरीला सूर्य परत डोक्यावरून दक्षिणेकडे जातो, तेव्हा आभाळ भरलेलं असतं. आकाश वर्षातून दोनदा हा धडा मांडतं आणि दोन्ही वेळा वर्ग हजर नसतो. सुट्टीत घरच्या गच्चीवर हे काम आई-बाबांनी किंवा आजोबांनी करावं, असं मला फार वाटतं. जूनच्या मध्याला शाळा उघडल्यावर एखाद्या दिवशी दुपारी उघडीप मिळालीच, तर पुण्यातल्या मुलांना आणखी एक नवल दिसतं. हिवाळाभर उत्तरेला पडणारी मध्यान्हीची सावली आता दक्षिणेला पडलेली असते, जेमतेम आठ सेंटिमीटर.

या सगळ्याला वेळ लागतो, अभ्यासक्रम पुरा कसा व्हायचा, ही शिक्षकांची काळजी खरी आहे. पण सरकारी शाळांतही असं शिकवता येतं, हे मध्य प्रदेशात घडलेलं आहे. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत सहावी ते आठवीसाठी प्रयोगांतून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली आणि पुढे जिल्हाभर ते पसरलं. ‘बाल वैज्ञानिक’ ही त्यांची पुस्तकं उत्तरं आयती न देता मुलांना कामाला लावत. परीक्षेत पुस्तक उघडं ठेवायची मुभा होती, कारण प्रश्न पाठांतराचे नव्हतेच. मला सर्वांत मोलाचं वाटतं ते शिक्षकांचं प्रशिक्षण: मुलांनी करायचे प्रयोग आधी शिक्षक स्वतः करून बघत, अडत, वाद घालत. ज्याने स्वतः ऊन खात सावली मोजली आहे, तो ‘बारा वाजता सूर्य डोक्यावर’ असं सांगायला धजणार नाही. २००२ मध्ये हा कार्यक्रम सरकारी निर्णयाने बंद झाला. तीस वर्षांची ती कमाई होती, आणि ती अशी थांबायला नको होती.

काठी वर्षभर ठेवली की मुलांचे प्रश्न पुस्तकाच्या पुढे जातात. सावली २२ डिसेंबरनंतर आखडायला लागते, म्हणजे उत्तरायण तेव्हाच सुरू झालं. मग संक्रांत १४ जानेवारीला का? हा प्रश्न कुणीतरी विचारणारच. त्याचं उत्तर संपातचलनात आहे. पृथ्वीचा अक्ष अतिशय संथपणे दिशा बदलतो आणि त्याचा एक फेरा पुरा व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे ताऱ्यांवरून मोजलेली मकर संक्रांत दर ७० ते ७२ वर्षांनी एक दिवस पुढे सरकत गेली. सुमारे १७०० वर्षांपूर्वी संक्रांत आणि उत्तरायणाचा आरंभ एकाच दिवशी होत होते. ‘हे तुला पुढच्या वर्गात आहे’ असं सांगून या प्रश्नाची बोळवण करू नये. ज्या मुलाने डिसेंबरपासून रोज दुपारी सावलीच्या टोकाशी खडा ठेवला आहे, त्याला हे उत्तर सहावीतही कळतं.