अन्नवस्त्र आणि वाटा

माझा उजवा पाय पोलिओने गेला. हे एवढं साधं सांगता येतं, हे कळायला मला शाळेतली चार-पाच वर्षं लागली. त्याआधी पायाची दुसरीच कारणं मला पाठ होती. आईने ग्रहणात भाजी चिरली होती. आजोबांनी कुणाचा तरी बांध कोरला होता. आणि सगळ्यांत वरचं कारण, ज्यापुढे कुणाचं काही चालत नसे, ते म्हणजे मागच्या जन्मीचं काहीतरी. डॉक्टरांनी विषाणूचं नाव सांगितलं तेव्हा घरच्यांना ते पटलं नाही असं नाही. पटलं. पण एवढी पोरं सोडून त्याने हिलाच का गाठलं, हा प्रश्न उरला आणि उत्तरासाठी सगळे पुन्हा मागच्या जन्माकडे वळले.

आईला या उत्तराचा आधार होता, हे मी नाकारत नाही. ग्रहणाचा ठपका तिच्यावर होता आणि सासरची माणसं तो बोलून दाखवत. मागचा जन्म मधे आल्यावर ती सुटली, कारण त्या जन्मी ती माझी आई नव्हती. तिच्या नावावरचा दोष माझ्या नावावर चढला, एवढंच.

भारतात पोलिओच्या नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. आमच्याकडे सप्ताहाला येणाऱ्या एका कीर्तनकार बुवांना मी विचारलं, “महाराज, २०११ नंतर जन्मलेल्या सगळ्या लेकरांचं पूर्वसंचित एकदम सुधारलं का? दोन थेंबांनी प्रारब्ध धुऊन निघतं का?” बुवा भला माणूस. हसले आणि म्हणाले, “आक्का, तुम्ही फार तर्क करता.” हे उत्तर नव्हे, पण माझ्यावर रागावले नाहीत, याचं मला बरं वाटलं.

कर्माचा विचार मी टाकून दिलेला नाही. जे करू ते भोगू, ही भीती माणसाला असावी. कापड बेतताना चार बोटं मारण्याचा मोह मलाही होतो, तेव्हा हीच भीती हात धरते. पण हा विचार ज्याने त्याने स्वतःकडे पाहण्यासाठी आहे. माझ्या संचिताची वही कुणी पाहिली आहे? देवाखेरीज ती कुणाला वाचता येत नाही, असं शास्त्रच म्हणतं, आणि तरी शेजारीण ती मला दारात उभी राहून वाचून दाखवते. त्यातली सोयही ओळखायला हवी. पायाचं कारण मागच्या जन्मात ठेवलं की तहसील कचेरीच्या पायऱ्यांचं या जन्मात काही करावं लागत नाही.

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात घोडा चोरणारा पांगळा होतो आणि दिवा चोरणारा आंधळा. हे बहुतेकांनी ऐकलेलं असतं. मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो नववा अध्याय. तिथे वाटणीची चर्चा आहे. आंधळा, बहिरा, मुका, वेडा, इंद्रियाने अधू असलेला, यांना वडिलांच्या धनात वाटा नाही. मात्र शहाण्या माणसाने त्यांना शक्तीप्रमाणे जन्मभर अन्नवस्त्र द्यावं, न देईल तो पतित. म्हणजे ग्रंथ निर्दय नाही, उपाशी ठेवा असं कुठेही म्हणत नाही. जेवू घाला, नेसायला द्या, फक्त वाटा देऊ नका. अपंगांविषयीची आपली सगळी धर्मबुद्धी मला या दोन श्लोकांत सापडते, आणि ती जुनी झाली असं मला वाटत नाही.

कायद्याने ती मोडायला वेळ घेतला. १९२८ च्या कायद्याने बहुतेक अपंगांवरची वारशाची बंदी उठली, पण जन्मापासून वेडा किंवा मंदबुद्धी ठरलेला माणूस तेव्हाही बाहेरच राहिला. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यात २८ वं कलम आलं, आणि रोग किंवा व्यंग दाखवून वारसा नाकारणं कायमचं बंद झालं. वडील गेल्यावर माझा धाकटा भाऊ हक्कसोडपत्र घेऊन आला तेव्हा ते कलम मला माहीत नव्हतं. तो लबाड नाही. डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, “आक्का, तुला आम्ही काय कमी करणार आहोत? जन्मभर सांभाळू.” भावजयही तेच म्हणाली, आणि तीही मनापासून. मी म्हटलं, “तू सांभाळ, पण सातबाऱ्यावर नाव राहू दे.” पुढे वर्षभर तो माझ्याशी नीट बोलला नाही. त्याला वाटलं, मी त्याच्या मायेवर संशय घेतला. लग्न झालेल्या बहिणींवरही ही वेळ येते, हे मला ठाऊक आहे. पण त्यांना निदान ‘तुला कशाला जमीन’ असं विचारलं जातं. मला ते विचारायचीही गरज कुणाला वाटली नव्हती.

आमच्या तालुक्याच्या गावी आम्ही काही जण २०२४ च्या ३ डिसेंबरला, जागतिक अपंग दिनी, पहिल्यांदा स्वतःहून एकत्र बसलो. त्या दिवशी दरवर्षी मंडप असतो, हार असतात, ब्लँकेटं असतात आणि व्यासपीठावर धडधाकट माणसं असतात. आम्ही मंडपातून उठून माझ्या शिलाईच्या दुकानात आलो. मळणी यंत्रात हात गेलेला एक शेतकरी, एस.टी. स्टँडवर खेळणी विकणारे एक अंध काका, फ्लेक्सच्या दुकानात काम करणारा एक बहिरा मुलगा, आणि मंदबुद्धी म्हणून शाळेतून काढलेला, आता तिशीला आलेला एक जण, त्याच्या आईबरोबर. नियम एकच ठरला: ज्याचं काम, तो बोलेल. बहिरा मुलगा मोबाइलवर लिहून दाखवी आणि काकांना ते मी वाचून दाखवी. फार वेळ जाई, पण चालून गेलं.

नियम पाळणं सर्वांत जड गेलं त्या आईला. मुलाकडे पाहून प्रश्न विचारला तरी उत्तर तिचंच यायचं. तीस वर्षं ती त्याची जीभ होती. एकदा शेतकऱ्याने तिला हळूच गप्प केलं आणि मुलाला विचारलं, “तुला काय पाहिजे?” आम्हाला वाटलं पेन्शन म्हणेल, औषध म्हणेल. तो बराच वेळ थांबला आणि म्हणाला, “दाढी सलूनमध्ये. बाबांकडून नाही.” आम्ही हसलो, तोही हसला, आई मात्र रडली. एवढ्या वर्षांत तिला कुणी हे सांगितलं नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं.

त्या रात्री मी अष्टावक्राचा विचार करत होते. पोटात असताना त्याने वडिलांच्या पठणातली चूक दाखवली आणि वडिलांनी शाप देऊन त्याचं शरीर आठ ठिकाणी वाकडं केलं. जन्माआधीच बोलला, त्याची ही शिक्षा. महाभारतात तो जनकाच्या यज्ञाला जातो तेव्हा द्वारपाल त्याला पोर म्हणून अडवतो, आणि दारातच त्याला वाद घालून आपली लायकी सिद्ध करावी लागते. कथा मला आवडते, पण तिचं एक मला खुपतं. अष्टावक्र जिंकला म्हणून आत गेला. जो वाद जिंकू शकत नाही, ज्याला तीन शब्द जुळवायला पाच मिनिटं लागतात, त्याने कुठे जावं? आणि जिंकलेल्याचंही शरीर शेवटी समंगा नदीत सरळ करूनच कथा थांबते. मथुरेच्या कुब्जेलाही कृष्णाने सरळ केलं. देव प्रसन्न झाला की आमची दुरुस्ती होते, असा एकूण शिरस्ता.

तो मोडतो कूर्मदास. माझे वडील दिंडीत विणेकरी होते, त्यांच्याकडून मी ही गोष्ट ऐकली. पैठणचा, हातपाय नसलेला कूर्मदास पोटाने सरपटत पंढरीला निघाला. माढा तालुक्यातल्या लऊळपर्यंत पोहोचला, पुढे शरीर चालेना. त्याने वारकऱ्यांकडे निरोप दिला: मला येववत नाही, तूच ये. आणि विठोबा लऊळला आला. वडील इथे गहिवरत. मला गहिवर नाही आला, अचंबा वाटला. या माणसाने हातपाय मागितले नाहीत. जागा बदलायला सांगितली, तीही देवाला. आमच्या अंध काकांना मात्र ही गोष्ट मुळीच पटत नाही. ते म्हणतात, “देव एकदा बाहेर आला, म्हणून पंच सुटले. आता जो तो म्हणणार, भाव असेल तर देव येईल घरी.”

काकांचं बोलणं उन्हाळ्यात खरं ठरलं. आमच्या गावच्या देवळाला सात उंच पायऱ्या. उतरंड करून द्या, असा अर्ज आम्ही नेला. एक पंच अगदी मऊ आवाजात म्हणाले, “आक्का, देव तुमच्या हृदयात आहे. देह म्हणजे आत्मा नव्हे. पायऱ्या कशाला चढता?” वेदान्त खोटा नाही. पण तो खुर्चीवर बसून उभ्या माणसाला सांगितला की त्याचं काहीतरी बिघडतं. देव हृदयातच पुरेसा असेल, तर गाभाऱ्याला नवी फरशी कशाला बसवली? मी तेवढंच विचारलं. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, बाहेर आहे. मंदिर सर्वांना उघडावं म्हणून साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. अस्पृश्य ठरवलेल्यांच्या वाट्याचा विटाळ आमच्या वाट्याला आला नाही, तेव्हा दोन्ही दुःखं मी एका मापाने मोजणार नाही. पण दारातूनच हात जोडा, हे गोड बोलून सांगण्याची रीत ओळखीची आहे.

ही रीत आमच्या गावापुरतीही नाही. १९८१ हे संयुक्त राष्ट्रांचं आंतरराष्ट्रीय अपंग वर्ष होतं. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडातल्या विनिपेगमध्ये पुनर्वसन-तज्ज्ञांची जागतिक परिषद भरली. तिथे आलेल्या अपंग प्रतिनिधींनी निर्णय घेणाऱ्या सभेत निम्म्या जागा मागितल्या. त्यांचं भलं करायला जमलेल्यांनी ती मागणी फेटाळली. ते उठले आणि १९८१ मध्ये सिंगापूरला त्यांनी स्वतःची जागतिक संघटना काढली. हे वाचलं तेव्हा मला माझा भाऊ आठवला. सांभाळायला सगळे तयार असतात.

नगरपालिकेने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के अपंगांसाठी खर्च करायचे असतात. त्याचा हिशेब मागायला मी गेले, तेव्हा साहेबांनी मला रिक्षातून आणणाऱ्या भाच्याला विचारलं, “यांना काय पाहिजे?” भाचा तयार केलेला होता, तो म्हणाला, “त्यांनाच विचारा.” हिशेबात ब्लँकेटं होती आणि मंडपही होता. ८ नोव्हेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की सार्वजनिक जागा अपंगांना वावरता येतील अशा करण्याचे किमान नियम सक्तीचे हवेत, नुसती शिफारस चालणार नाही. हा खटला राजीव रतुरी या अंध गृहस्थांनी २००५ मध्ये दाखल केला होता. नगरपालिकेच्या दारातही उतरंड हवी, असा अर्ज आम्ही केला आणि त्या निकालाची प्रत त्याला जोडली.

नगरपालिकेच्या दारात आता उतरंड आहे, थोडी चढी, पण आहे. देवळाच्या पंचांनी ठराव केला, काम सुरू नाही. तुमच्या गावातही ५ टक्क्यांचा हिशेब असेलच. तो मागायला शेजारच्या अपंग माणसाला सोबत न्या, आणि साहेबांनी तुमच्याकडे पाहून विचारलं तर उत्तर देऊ नका.